दप्तरखान्याचा दुभाष्या



शाळेत नवे नाव दाखल करायचे म्हणून गुरुजी संगणकासमोर बसतात. मुलीचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख अशा एकेक चौकटी भरतात आणि शेवटी एक बटण दाबतात. क्षणभर काहीच होत नाही. मग पडद्यावर ओळ उमटते : नोंद झाली. मधला जो क्षण गेला, त्यात काय काय घडले ते आज आपल्याला सांगावे असा माझा विचार आहे.

ही नोंद गुरुजींच्या यंत्रात होत नाही, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. ती होते दूर कुठल्या तरी शहरात ठेवलेल्या यंत्रात. तिथे एक मोठा दप्तरखाना असतो. त्याला डेटाबेस म्हणतात. गुरुजींनी भरलेला मजकूर आधी एका प्रोग्रॅमच्या हाती पडतो आणि मग तो प्रोग्रॅम दप्तरखान्याकडे वळतो. आता गंमत अशी, की प्रोग्रॅम एका भाषेत लिहिलेला असतो आणि दप्तरखान्याची बोली निराळी असते. दोघांचे एकमेकांशी जमायचे कसे? त्यासाठी मध्ये एक दुभाष्या बसवलेला असतो. इंग्रजीत त्याला ड्रायव्हर म्हणतात. हा ड्रायव्हर मोटार हाकीत नाही. याच्या प्रश्नाची पाकिटे करून त्याला द्यायची, आणि त्याने दिलेल्या उत्तराची पाकिटे फोडून याला वाचून दाखवायची, एवढेच त्याचे काम.

असा एक दुभाष्या लिहिण्याचे काम माझ्याकडे आले होते. एका लहानशा यंत्रावर बाजारातले तयार ड्रायव्हर बसत नव्हते, म्हणून मुळापासून लिहावा लागला. काम दिसायला किरकोळ होते. ते तसे नव्हते, हे मला पुढे कळले.

दप्तरखाना होता पोस्टग्रेस नावाचा. याचे मूळ अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत. तिथे मायकेल स्टोनब्रेकर या प्राध्यापकांच्या देखरेखीखाली 1986 साली हा प्रकल्प सुरू झाला आणि 1996 साली त्याला पोस्टग्रेसक्यूएल हे आजचे नाव मिळाले. त्याच्याशी बोलण्याची जी रीत आज चालते, ती तिसरी आवृत्ती 2003 साली आली. वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी तिचा सांगाडा तोच आहे. दुसऱ्या काही कंपन्यांनी स्वतःचे दप्तरखाने बांधले, पण बोली मात्र पोस्टग्रेसचीच ठेवली, कारण दुभाषे आयते मिळतात. त्यातल्या एकाचे नाव तर कॉकरोचडीबी, म्हणजे झुरळ! नाव ठेवणाऱ्याला झुरळाचा चिवटपणा आवडला असावा.

या बोलण्याच्या रीतीला प्रोटोकॉल म्हणतात. सरकार-दरबारी या शब्दाला राजशिष्टाचार असा प्रतिशब्द आहे, आणि मला तो इथेही चपखल वाटतो. आधी कोणी बोलायचे, नमस्कार कसा करायचा, आपले बोलणे संपले हे कसे दाखवायचे, रागावायचे झाले तर कुठल्या शब्दांत, हे सगळे त्यात ठरलेले असते. फरक एवढाच की माणसाच्या दरबारात चूक झाली तर हसून सोडतात. इथे एका आकड्याची चूक झाली तर दार बंद.

आता पहिली अडचण ऐका. दोन यंत्रांमध्ये जी वाट असते तिला टीसीपी म्हणतात. तिचे नियम 1981 साली लिहून जाहीर झाले. ही वाट दोन गोष्टींची हमी देते. टाकलेले सगळे पोचेल, आणि टाकलेल्या क्रमानेच पोचेल. पण तिसरी एक गोष्ट ती मुळीच सांगत नाही. कुठला निरोप कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला, हे तिला ठाऊकच नसते. आपल्या पाटाच्या पाण्यासारखे आहे हे. वरच्या अंगाला आपण तीन घागरी ओतल्या, तर खालच्या अंगाला पाणी येईल, सगळे येईल, पण पहिली घागर कुठे संपली आणि दुसरी कुठे लागली हे पाणी कसे सांगणार? कधी तीन घागरींचे पाणी एकदम येईल, कधी अर्ध्या घागरीचे येऊन धार थांबेल.

म्हणून निरोपाच्या कपाळावर त्याचे माप लिहावे लागते. पोस्टग्रेसच्या रीतीत प्रत्येक निरोपाच्या आरंभी एक इंग्रजी अक्षर असते. ते निरोपाची जात सांगते. त्यानंतर चार बाइटमध्ये लांबी लिहिलेली असते आणि मग मजकूर. बाइट म्हणजे संगणकाच्या मापातला एक दाणा म्हणा. इथे एक खोच आहे. ही लांबी स्वतःच्या चार बाइटना धरून मोजायची, पण आधीच्या अक्षराला धरायचे नाही. का, असे विचारू नका. जुन्या घरात काही चाली असतात, सुनेने आल्या दिवशी त्या विचारून घ्यायच्या. आणि अगदी पहिल्या निरोपाला तर हे अक्षरही नसते, नुसती लांबी आणि मजकूर. ही तर आणखी जुन्या पिढीची चाल.

चार बाइटमध्ये आकडा लिहायचा म्हटले की दुसरा प्रश्न उभा राहतो. मोठा भाग आधी लिहायचा की लहान? गुरुजनहो, हा प्रश्न आपण रोज वर्गात सोडवता. आपण लिहितो 25, म्हणजे आधी दोन आणि मग पाच. पण तोंडाने म्हणतो पंचवीस, म्हणजे आधी पाच आणि मग वीस. पहिलीतली मुले पंचवीस ऐकून 52 लिहितात, ती काही उगाच नाही. संगणकांतही हे दोन पंथ आहेत. 1980 च्या एप्रिल महिन्याच्या पहिल्या तारखेला डॅनी कोहेन या शास्त्रज्ञाने या भांडणावर एक टिपण लिहिले आणि दोन्ही पंथांना नावे दिली ती गलिव्हरच्या गोष्टीतली. त्या गोष्टीत अंडे मोठ्या टोकाकडून फोडावे की लहान टोकाकडून, यावरून लढाया होतात. पोस्टग्रेसची बोली मोठ्या टोकाची आहे. मायएसक्यूएल नावाचा दुसरा प्रसिद्ध दप्तरखाना लहान टोकाचा. आणि आपल्या टेबलावरची बहुतेक यंत्रे आतून लहान टोकाचीच असतात.

माझ्याकडून हीच चूक झाली. आलेली लांबी मी उलटी वाचली. खरा आकडा होता 8. उलटा वाचला तेव्हा तो झाला 13,42,17,728. माझा दुभाष्या बिचारा तेरा कोटी बाइटची वाट पाहत बसून राहिला. कुठे चूक झाली म्हणून तो ओरडला नाही, की पडला नाही. नुसता बसला. दुभाष्याचे बहुतेक आजार असेच मुके असतात.

आता ओळखपाळखीकडे वळू. दार ठोठावल्यावर पहिला प्रश्न असा, की आपण कुलूपबंद भाषेत बोलायचे का? म्हणजे मधल्या वाटेवर कोणी कान लावून बसला तरी त्याला काही कळू नये अशा भाषेत. यासाठी एक ठरावीक आकडा पाठवायचा, 80877103. तो कसा झाला म्हणाल, तर 1234 ला 65536 ने गुणायचे आणि 5679 मिळवायचे. ठरवणाऱ्याने लक्षात राहावा म्हणून तसा निवडला असेल, पण माझ्या काही तो पाठ झाला नाही! यावर दप्तरखाना फक्त एक अक्षर पाठवतो. एस म्हणजे होकार, एन म्हणजे नकार. इथे दुभाष्याने नेमका एकच बाइट वाचायचा आहे. अधाशीपणाने पुढचेही उचलून ठेवले तर धोका असतो. वाटेवर बसलेल्या लबाडाने त्या एका अक्षरामागे आपला उघडा मजकूर चिकटवून दिला, तर कुलूप लागल्यावर दुभाष्या तो मजकूर आतल्या माणसाचाच समजेल. ही नुसती कल्पना नव्हे. पोस्टग्रेसच्या स्वतःच्या मूळ दुभाष्यातही हा दोष निघाला आणि 2021 च्या नोव्हेंबरात तो दुरुस्त करण्यात आला. इतकी वर्षे इतक्या जाणत्या डोळ्यांखालून तो निसटला, हे ऐकून मला माझ्या चुकांचे थोडे कमी वाईट वाटले.

कुलूप लागले की मग नाव सांगायचे, कुठल्या दप्तरात काम आहे ते सांगायचे, आणि आपण तिसऱ्या आवृत्तीची बोली बोलतो हेही सांगायचे. त्यानंतर परवलीचा शब्द. पूर्वी कित्येक ठिकाणी हा शब्द जसाच्या तसा तारेवरून जात असे. 2017 साली पोस्टग्रेसच्या दहाव्या आवृत्तीत नवी पद्धत आली, तिला स्क्रॅम म्हणतात. तिची खुबी अशी की परवलीचा शब्द तारेवर येतच नाही. दप्तरखाना एक आकडा देतो, आपण आपला एक आकडा मिसळतो, शब्दाला हजारो वेळा गणिताच्या घाण्यातून काढतो आणि जे निघेल त्यावरून आपल्याला शब्द ठाऊक असल्याचा पुरावा देतो. आणि पुरावा एकतर्फी नसतो बरं का. दप्तरखान्यालाही उलट पुरावा द्यावा लागतो की मी तोच, तोतया नव्हे. घाईत ड्रायव्हर लिहिणारे हा उलटा पुरावा तपासायचे विसरतात. सगळे चालते, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. पण घरी आलेल्या वसुली कारकुनाने आपली ओळख विचारली आणि आपण त्याची विचारली नाही, तर पैसे कुणाच्या खिशात गेले हे कसे कळणार?

एवढे झाले की दप्तरखाना काही माहिती आपणहून देतो, घड्याळ कुठले, लिपी कुठली. मग एक गुप्त किल्ली देतो, आणि शेवटी झेड अक्षराचा निरोप येतो. त्याचा अर्थ, मी तयार आहे, विचारा. हे झेड अक्षर ध्यानात ठेवा. माझी सगळी फजिती पुढे त्याच्यापाशीच झाली.

प्रश्न विचारायची साधी रीत म्हणजे क्यू अक्षराचा निरोप. उत्तर येते ते असे. आधी टी, त्यात रकान्यांची नावे. मग प्रत्येक ओळीसाठी एक डी. सगळ्या ओळी संपल्या की सी, आणि त्यात एकूण किती ओळी दिल्या तो आकडा. सर्वांत शेवटी पुन्हा झेड.

आपण एक डी फोडून पाहू. समजा दोन रकाने आहेत, नाव आणि गुण. नाव गंगा आणि गुण 72. आता सांगा, गंगा या नावाची लांबी किती? फळ्यावर विचारले तर मुले म्हणतील, दोन अक्षरे. संगणकाच्या लिपीत ती होतात चार चिन्हे : ग, अनुस्वार, ग आणि काना. आणि तारेवर जाताना देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे झाले बारा. तेव्हा आपला निरोप असा होईल : डी हे अक्षर, मग एकूण लांबी 28, मग रकाने 2, मग पहिल्याची लांबी 12 आणि ते बारा बाइट, मग दुसऱ्याची लांबी 2 आणि 72 हे दोन आकडे. कागदावर ताळा करून पाहा. लांबीचे चार, रकान्यांच्या संख्येचे दोन, चार अधिक बारा, चार अधिक दोन, बेरीज अठ्ठावीस.

हे मी सविस्तर सांगतो आहे याला कारण आहे. इंग्रजी अक्षराला एकच बाइट लागतो. परदेशात बसून ज्याने इंग्रजी नावांवर आपला ड्रायव्हर तपासला, त्याने बाइट मोजण्याऐवजी अक्षरे मोजली तरी त्याचे काही बिघडत नाही. चार अक्षरे, चार बाइट. त्याच्या शंभर चाचण्या शंभरही पास. तोच ड्रायव्हर आपल्याकडे आला आणि गंगा नाव घालायला गेला, की लांबी लिहितो चार आणि मजकूर पाठवतो बारा. दप्तरखाना पहिले चार बाइट उचलतो. त्यात एक ग पुरा आणि अनुस्वाराचा तुकडा येतो. तो म्हणतो, ही अक्षरेच नव्हेत, आणि नोंद नाकारतो. आणि निरोपाची एकूण लांबीही तशीच मोजली असेल तर उरलेल्या बाइटना तो नवा निरोप समजतो, काहीच अर्थ लागत नाही म्हणून संबंध तोडून टाकतो. पडद्यावर मात्र येते, तांत्रिक अडचण, नंतर प्रयत्न करा. गुरुजी नंतर प्रयत्न करतात. मग वैतागून नाव इंग्रजीत घालतात आणि ते जाते! गावोगाव लोकांच्या नावांची इंग्रजी स्पेलिंगे पाच पाच तऱ्हांची का झाली, याची कारणे पुष्कळ असतील. पण बाइट मोजायच्या ठिकाणी अक्षरे मोजणारा दुभाष्या हे त्यातले एक असू शकते, असे मला या कामानंतर वाटू लागले आहे.

दुसरी अशीच एक बारीक गोष्ट. परीक्षेत शून्य गुण मिळाले आणि मूल गैरहजर होते, यातला फरक शिक्षकांना सांगायला नको. गुणपत्रकात एका ठिकाणी आपण 0 लिहितो, दुसऱ्या ठिकाणी आडवी रेघ मारतो. आणि रकाना भरायचाच राहिला, ही तर आणखी तिसरी तऱ्हा. दप्तरखान्यालाही हा फरक कळतो. रिकामा मजकूर असेल तर लांबी 0 लिहितो. माहितीच नसेल तर लांबीच्या जागी उणे एक लिहितो आणि पुढे मजकूर देत नाही. उणे एक लांबी कशी असेल, असे कोणी विचारेल. तेच तर! लांबी कधी उणे नसते, म्हणूनच ती खूण म्हणून वापरायला मोकळी होती. पण ड्रायव्हर लिहिणाऱ्याने चिन्हाकडे लक्ष दिले नाही, तर तेच चार बाइट 4,29,49,67,295 असे वाचले जातात. आणि आळशी ड्रायव्हर उणे एकला शून्य समजून मोकळा होतो. मग गैरहजर मूल हजर होऊन कोरी उत्तरपत्रिका देऊन जाते.

आता माझ्या फजितीची गोष्ट.

ड्रायव्हर लिहून झाला. माझ्या टेबलावर दप्तरखाना आणि ड्रायव्हर एकाच यंत्रात होते. हजार वेळा विचारले, हजार वेळा उत्तर बरोबर आले. मग ते यंत्र एका कचेरीच्या कामासाठी दूरच्या ठिकाणी बसवले. काम होते शिष्यवृत्तीच्या याद्या काढण्याचे. आठवड्याभराने एका शिक्षिकाबाईंचा फोन आला. "साहेब, आमच्या वर्गातली सत्तेचाळीस नावं पाठवली होती. यादीत एकतीसच आहेत. बाकीच्या पोरींचं काय?" मी म्हटले, "बाई, नावं भरताना राहिली असतील." त्या म्हणाल्या, "मी स्वतः भरलीत. दोनदा मोजलीत."

मी दप्तरखान्यात पाहिले. सत्तेचाळीस नावे जागच्या जागी होती. मग माझ्याच यंत्रावर यादी काढली, तर सत्तेचाळीस. दोन दिवस मी बाईंनाच चुकीचे ठरवीत होतो, हे कबूल केले पाहिजे. तिसऱ्या दिवशी तारेवरून काय जाते ते उतरवून घेणारा प्रोग्रॅम लावला, तेव्हा उलगडा झाला. माझ्या टेबलावर सगळे पाणी एकदम येत होते. तिथे वाट कच्ची होती. एकतीस ओळी येऊन धार क्षणभर थांबली, आणि मी ड्रायव्हरमध्ये लिहून ठेवले होते की आता काही येत नाही, अर्थी यादी संपली. म्हणजे वाटेचे थांबणे मी निरोपाचे संपणे धरले. उरलेल्या सोळा ओळी अर्ध्या क्षणाने आल्या, आणि तोवर माझा दुभाष्या चंबूगबाळे आवरून निघून गेला होता.

शेवट कसा ओळखायचा हे बोलीत लिहिलेलेच होते. झेड आल्याशिवाय उठायचे नाही. इतकेच काय, सी अक्षराच्या निरोपात दप्तरखाना स्वतः सांगत होता, सत्तेचाळीस ओळी दिल्या. तो आकडा मी कधी वाचलाच नव्हता. दुरुस्ती फार मोठी नव्हती. लांबीइतके बाइट हाती येईपर्यंत वाचत राहायचे, अर्धा निरोप आला तर तो बाजूला जपून ठेवून उरलेल्याची वाट पाहायची, झेडपर्यंत उठायचे नाही, आणि फार वेळ गेला तर यादी अर्धवट आहे असे स्पष्ट ओरडायचे. अर्धी यादी पुरी म्हणून कधीही हाती द्यायची नाही. त्यानंतर चाचणीसाठी मी मुद्दाम एक खोडकर वाट तयार केली. ती एका वेळी एकच बाइट पुढे सोडी. तिच्यावर ड्रायव्हर चालला तेव्हा कुठे मला झोप लागली. बाईंना फोन करून माफी मागितली. त्या म्हणाल्या, "अहो, सोळा पोरींची नावं आली ना, मग झालं."

आता मोठ्या रीतीकडे वळतो. साध्या रीतीत प्रश्न आणि त्यातली नावे एकाच वाक्यात शिवलेली असतात. त्यामुळे घोटाळा होतो. वसईकडचे, गोव्याकडचे डिसोजा, डिसिल्वा इंग्रजीत आपले नाव लिहिताना डी नंतर वर एक स्वल्पविराम देतात. दप्तरखान्याच्या भाषेत त्याच चिन्हाने मजकूर सुरू होतो आणि संपतो. त्यामुळे नाव मध्येच संपले असे त्याला वाटते आणि उरलेले सोजा ही आज्ञा समजून तो गोंधळतो. सरळ माणसाच्या बाबतीत नोंद अडते, एवढेच. पण लबाड माणूस नावाच्या चौकटीत मुद्दाम तसे चिन्ह घालून पुढे खरोखरीची आज्ञा लिहितो, अमुक तक्ता पुसून टाका. अशा रीतीने जगात पुष्कळ दप्तरे लुटली गेली आहेत.

यावर उपाय म्हणजे प्रश्न आणि माहिती वेगवेगळ्या पाकिटांत पाठवायची. आधी पी अक्षराच्या निरोपात नुसता छापील अर्ज, गाळलेल्या जागांसह. मग बी अक्षराच्या निरोपात त्या जागी भरायची मूल्ये, प्रत्येकाची लांबी देऊन. मग ई, म्हणजे आता काम करा. आणि शेवटी एस, म्हणजे माझे बोलणे संपले. गाळलेल्या जागेत काहीही लिहिले तरी तो मजकूरच राहतो, आज्ञा होत नाही. डिसोजा सुखाने नांदतात.

यातला एस विसरला तर मोठी मौज होते. दप्तरखाना वाट पाहतो की याचे बोलणे अजून संपायचे आहे, आणि दुभाष्या वाट पाहतो की उत्तर येईल. दोघेही सभ्य, दोघेही गप्प. शिवाय मध्ये काही चुकले तर दप्तरखाना पुढचे सगळे निरोप एस येईपर्यंत न वाचता टाकून देतो. चुकीचा निरोपही नेटका असतो. त्यात पाच चिन्हांचे कलम असते. उदाहरणार्थ 23505 म्हणजे ही नोंद आधीच आहे, दुबार होते. ड्रायव्हरने आणि प्रोग्रॅमने या कलमाकडे पाहावे, वाक्याकडे पाहू नये. वाक्य देशादेशाच्या भाषेत बदलते, कलम बदलत नाही.

आणि इतके करूनही लांबीचा प्रश्न सुटत नाही. लांबीला जागा चारच बाइटची. मोटारीचा मीटर नऊ नऊ नऊ वर गेला की पुढच्या मैलाला शून्यावर येतो, तसा चार बाइटचा आकडा सुमारे चार अब्जांपुढे गेला की पुन्हा आरंभाला येतो. 2024 साली गो भाषेतल्या एका नावाजलेल्या ड्रायव्हरमध्ये हाच दोष उघड झाला. कोणी चार अब्ज बाइटहून मोठा मजकूर घातला, तर कपाळावर लांबी पडे लहानशी, आणि उरलेला प्रचंड मजकूर दप्तरखाना नवे निरोप म्हणून वाचू शकत असे. म्हणजे वेगवेगळी पाकिटे करूनही लबाड पुन्हा आत शिरला, या वेळी मापाच्या फटीतून. लांबी लिहिण्याआधी ती मावते का ते तपासायचे, हा उपाय. बातमी वाचली त्या रात्री मी माझा कोड उघडून पाहिला. माझ्यातही तपासणी नव्हती. माझ्या लहानशा यंत्रात एवढा मजकूर मावलाच नसता, हे खरे. तरी चार ओळी घालून टाकल्या.

पूर्वी एक गुप्त किल्ली म्हटली होती, तिचे काय होते ते सांगून टाकतो. एखादा प्रश्न फार वेळ चालला आणि तो थांबवायचा असेल, तर त्याच वाटेने सांगता येत नाही, कारण दप्तरखाना कामात गढलेला असतो. मग दुसरे दार ठोठावायचे, किल्ली दाखवायची आणि म्हणायचे, त्या पहिल्या दारातले काम थांबवा. याचे उत्तर येत नाही. थांबले तर पहिल्या वाटेवर कळते. ही किल्ली बरीच वर्षे चार बाइटची होती. 2025 च्या अठराव्या आवृत्तीत तिला मोठी होण्याची मुभा मिळाली, पण ती जुन्या दुभाष्यांना धक्का न लावता. नवी बोली मागितली तरच मोठी किल्ली.

हे सारे नियम पोस्टग्रेसच्या अधिकृत पुस्तकात कोणालाही फुकट वाचायला मिळतात, आणि तारेवरचे निरोप उलगडून दाखवणारा वायरशार्क नावाचा प्रोग्रॅमही फुकट मिळतो. ज्या शाळेत संगणक आहेत तिथल्या शिक्षकांनी आठवी-नववीच्या मुलांना तो जरूर दाखवावा. संगणक नसतील तरी अडत नाही. मी एका शाळेत चिठ्ठ्यांचा खेळ करून पाहिला. एका टोकाला दप्तरखाना म्हणून एक मुलगी, दुसऱ्या टोकाला दुभाष्या म्हणून एक मुलगा, आणि मध्ये दहा-बारा मुलांची रांग. प्रत्येक चिठ्ठीवर एकच चिन्ह. आधी डी, मग आकडा, मग नाव. रांगेतल्या एका मुलाला मी कानात सांगितले, की दोन चिठ्ठ्या हातात दाबून ठेव आणि वीस आकडे मोजून मगच पुढे दे.

दुभाष्या झालेला मुलगा थांबला. वर्ग ओरडला, "संपलं, वाच की!" तो हातातल्या चिठ्ठ्या पुन्हा मोजीत म्हणाला, "बारा म्हणालीये ती. दहाच आल्यात."